शिरीष, तुझा क्वार्टरबॅक आणि माझा

तुला जाऊन तीन आठवडे होत आले, आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलोच आहे. माणसं भेटतात, आवाज खाली आणून म्हणतात, "प्रधान फार चांगला माणूस होता हो." मी मान हलवतो. होतासच. पण गेली दोन वर्षं दर रविवारी तुझ्या शेजारी बाकावर बसायची पाळी त्यांच्यावर आली असती, तर त्यांनी वाक्य तिथेच संपवलं नसतं.

आपला वाद अर्धवट राहिला. वाद एकच. फुजिता की अमेय? शाळेच्या टीमचा क्वार्टरबॅक कोण असावा? मी म्हणत होतो अमेय. तू म्हणत होतास फुजिता. आणि अमेय मुलगा तुझा, माझा नव्हे. ही गोष्ट मी पुण्याला आईला फोनवर सांगितली, तेव्हा तिला वाटलं मी नावांची अदलाबदल करतोय.

दादरला तुझ्या आईला तर आधी खेळच समजत नव्हता. तू तिला फोनवर समजवायचास ते मला पाठ झालंय. "अगं, हा पायाचा फुटबॉल नाही. हा अमेरिकन. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर चिलखत, आणि लांबट चेंडू हातात घेऊन एकमेकांच्या अंगावर जायचं. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात आधी चेंडू येतो तो. कुणाकडे फेकायचा, कधी फेकायचा, की स्वतःच घेऊन पळायचं, हे त्यानं ठरवायचं. बाकीचे दहाजण त्याच्याकडे बघत असतात." या शेवटच्या वाक्यावर तू नेहमी थांबायचास. तुझं सगळं तत्त्वज्ञान त्या वाक्यात होतं आणि माझं डोकं नेमकं तिथेच फिरायचं.

Y2K ची कामं आटोपली आणि आपल्या कंपनीनं जपानला माणसं पाठवायला सुरुवात केली, त्या पहिल्या खेपेत आपण आलो. बाकीचे टोकियोत गेले, पुढे उरायासुला भाड्यानं घरं घेऊन गणपती आणि भिशी करायला लागले. आपल्या वाट्याला ओसाका आलं. एकच क्लायंट, एकच बिल्डिंग, तू चौथ्या मजल्यावर आणि मी दुसऱ्या. मला ते घर मिळालं तेसुद्धा तुझ्यामुळे. घरमालकाला परदेशी माणूस नको होता. तू तुझ्या मोडक्या जपानीत तीनदा त्याच्याकडे गेलास आणि सांगून आलास, की हा माणूस इतका शिस्तीचा आहे की प्लास्टिकच्या बाटलीचं झाकणसुद्धा वेगळ्या पिशवीत टाकतो. मला तेव्हा जपानात येऊन जेमतेम आठवडा झाला होता. कचरा वेगळा करतात हेच मला माहीत नव्हतं.

माझे बाबा गेले तेव्हा गोल्डन वीकची सुट्टी होती आणि एकाही विमानात जागा नव्हती. तू अख्खा दिवस ट्रॅव्हल एजंटच्या काउंटरसमोर बसून राहिलास, त्याला लाज वाटेपर्यंत, आणि बँकॉकमार्गे एक सीट काढलीस. त्याबद्दल मी तुला नीटसं कधी काही म्हणालो नाही. परत आलो तेव्हा तू स्टेशनवर न्यायला आला होतास, पण घराचा जिना चढायच्या आत आपण कशावरून तरी हुज्जत घालायला लागलो होतो. आभार मानायला तुझ्याजवळ कधी फट सापडायचीच नाही.

अमेय आला तेव्हा आठ वर्षांचा होता. तू त्याला इथल्याच शाळेत घातलास. मंजिरी रडली होती, आईच ना ती, तिला तो कोबेच्या इंग्रजी शाळेत हवा होता. वर्षभरात पोरगं ओसाकाच्या पोरांसारखं जपानी बोलायला लागलं आणि घरात मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर द्यायला लागलं. हायस्कूलमध्ये गेल्यावर बेसबॉल घ्यावा असं तुला वाटत होतं, कारण तू स्वतः दादरच्या मैदानावर मध्यमगती गोलंदाजी केलेली. पण बेसबॉलवाली पोरं सहाव्या वर्षापासून खेळत आलेली. तिथे याला कोण विचारणार? अमेफुतो, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, सगळ्यांनाच नवा होता. कुठल्या तरी वरच्या वर्गातल्या मुलानं याचे लांब हात बघितले आणि चेंडू दिला. पहिल्याच दिवशी त्यानं तो असा फेकला म्हणे, की पकडायला उभा असलेला मुलगा मागे पळत पळत कुंपणाला धडकला.

मग योदो नदीच्या काठी तुमची शनिवारची प्रॅक्टिस सुरू झाली. तो फेकायचा, तू झेलायचास. झेलायचास कसला, अंगावर घ्यायचास. खांद्यावर काळेनिळे डाग घेऊन तू सोमवारी ऑफिसला यायचास आणि आपल्या ऑफिसातली इकेदा-सान काळजीनं विचारायची, की घरी सगळं ठीक आहे ना?

या पोराचा हात देवानं दिलेला होता. मी खेळातला पंडित नाही, पण डोळे आहेत मला. फुजिताचा पास म्हणजे सभ्य माणसानं दिलेलं निमंत्रण. वेळेवर, व्यवस्थित, जवळच्या जवळ. अमेयचा पास निघाला की बाकावरच्या जपानी आया बोलता बोलता थांबायच्या.

आणि मग तुझं ते आचरण. खेळाडूचं आचरण! तुझ्या तोंडून हा शब्द ऐकला की मला हसावं की ओरडावं कळायचं नाही. कारण त्या अख्ख्या मैदानावर सगळ्यात वाईट आचरण कुणाचं असेल तर ते तुझं होतं. सगळे पालक एका लयीत टाळ्या वाजवतायत, एका सुरात घोषणा देतायत, आणि मधेच तू उभा राहून पंचाला मराठीत विचारणार, "डोळे घरी ठेवून आलास का रे?" पालक मंडळाच्या बाई दोनदा येऊन अतिशय नम्रपणे काहीतरी सांगून गेल्या. तुला वाटलं चहाचं विचारायला आल्या. पुढच्या मागच्या रांगांना वाकून वाकून माफी मागायचं काम माझं. आणि सामना संपल्यावर तू शांतपणे चष्मा पुसत म्हणायचास, "सुहास, हरणं-जिंकणं सोड, पोरांनी वागावं कसं हे महत्त्वाचं."

जूनमधला तो सराव सामना झाला नसता तर सगळं वेगळं झालं असतं. ओगावा नावाचा पहिल्या वर्षाचा किडकिडीत मुलगा, काम पास झेलायचं. अमेयनं त्याला इतका सुंदर पास दिला की तो नुसता हातात येऊन पडला, आणि ओगावानं तो सोडला. अमेयनं हेल्मेट काढून जमिनीवर आपटलं आणि दोन्ही टीमसमोर त्याच्यावर ओरडला, की जमत नसेल तर क्लब सोड, घरी जा. पंचानं पिवळा रुमाल टाकला, टीमला दंड झाला. तिथपर्यंत मीही म्हणेन, चूक होती. पण सामना संपल्यावर दोन्ही संघ रांगेत उभे राहून प्रेक्षकांना वाकून नमस्कार करतात, त्या रांगेत हा गेलाच नाही. बॅग उचलली आणि चालता झाला. ओगावा रांगेच्या टोकाला उभा होता, रडून चेहरा लाल झालेला.

कांतोकुंनी, म्हणजे त्यांच्या मुख्य प्रशिक्षकांनी, अमेयला उन्हाळाभर बसवलं आणि फुजिताला खेळवलं. माझ्या मते तिथे विषय संपला. शिक्षा झाली, भोगली. ऑगस्टच्या कॅम्पमध्ये कांतोकुंनी अमेयला सांगितलं, की शरदातल्या स्पर्धेला सुरुवात तूच करशील. पोरगं नाचत घरी आलं. माझ्याकडे दुसऱ्या मजल्यावर आधी आलं आणि मग वर गेलं.

तू त्याला एकच प्रश्न विचारलास. "ओगावाची माफी मागितलीस?"

तो म्हणाला, कांतोकुंनी सांगितलं नाही.

"मी कांतोकुंचं विचारत नाहीये," तू म्हणालास.

बस, एवढ्यावर तू पेटलास. सप्टेंबरच्या सुरुवातीला सुट्टी काढून, टाय लावून शाळेत गेलास. वर दुभाषा म्हणून मला घेऊन गेलास! तुझी जपानी क्लायंटला 'उशीर झाल्याबद्दल क्षमस्व' म्हणण्यापुरती, म्हणून माझी बोलती जपानी तुझ्या कामाला. शिक्षकांच्या खोलीत आपल्यासमोर चहा ठेवला गेला आणि तू मला मराठीत म्हणालास, "त्यांना सांग, माझा मुलगा त्या मुलाची माफी मागत नाही तोपर्यंत त्याला उतरवू नका."

मी म्हणालो, हे मी सांगणार नाही.

"तू भाषांतर कर. मत नंतर दे."

"अरे पण त्याची शिक्षा भोगून झाली. त्यांनी स्वतः ठरवलंय."

"दहाजण त्याच्याकडे बघत असतात, सुहास."

कांतोकु बिचारे पेला हातात धरून आपल्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. दोन इंडियन माणसं त्यांच्या टेबलाशी त्यांना न कळणाऱ्या भाषेत भांडत होती. शेवटी मी ते वाक्य जपानीत सांगितलं. शब्दशः सांगितलं, कारण तू माझ्या तोंडाकडे असा टक लावून बघत होतास, की मी काही मऊ केलं असतं तर तुला जपानी येत नसूनही कळलं असतं. कांतोकुंनी पेला खाली ठेवला. मग उठून तुझ्यासमोर वाकले. बाहेर पडल्यावर तू म्हणालास, "बघ, त्यांना पटलं." मी स्टेशनपर्यंत तुझ्याशी बोललो नाही.

स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात फुजितानं सुरुवात केली. आपण तीन गुणांनी कसेबसे जिंकलो. अमेय असता तर सहज तीन टचडाउन झाले असते, हे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. तू मात्र फुजिताच्या प्रत्येक पासला उभा राहून टाळ्या वाजवत होतास. फुजिताची आई इतकी अवघडली की दर वेळी मागे वळून तुला वाकत होती, आणि तिच्या शेजारी मंजिरी मैदानाकडे बघायचं सोडून आपल्या पर्सची चेन लावत-काढत होती. मैदानाच्या कडेला अमेय पाण्याच्या बाटल्या भरत होता. शिरीष, त्या दिवशी मला तुझा खराखुरा राग आला. मुलाला सुधारायचं तर सुधार, पण त्याच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याच्या मुलाला टाळ्या कसल्या वाजवतोस?

मग फुजितानंच त्याला सांगितलं. तो मुलगा सरळ आहे, ही एक गोष्ट मी मान्य करतो. आपल्याला जागा का मिळाली हे त्यानं कांतोकुंना विचारलं, त्यांनी खरं ते सांगितलं, आणि यानं जाऊन अमेयला सांगितलं, की तुझ्या वडिलांनी येऊन हे मागितलंय, मला असं खेळायला आवडत नाही. माझ्यावर अमेय चार दिवस रुसला. दुभाष्याला किती दोष देणार? तुझ्याशी मात्र त्यानं वेगळंच केलं.

तू मला आनंदानं सांगायला आलास. ऑफिसखालच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानात, कॉफीचा कॅन घेताना म्हणालास, "सुधारतंय रे पोरगं. हल्ली माझ्याशी कसं अदबीनं बोलतं. परवा म्हटलं दूध घेऊन ये, तर म्हणाला, 'हाय, वाकारिमाश्ता.'"

म्हणजे 'जी, समजलं.' क्लायंटशी बोलून बोलून तुझे कान त्याच भाषेला सरावलेले. तुला कुणीच सांगितलं नव्हतं, की इथली मुलं आईबापांशी असं बोलत नाहीत. असं बोलतात ते शिक्षकांशी, दुकानदाराशी, अनोळखी माणसाशी. अमेय तुझ्याशी परक्यासारखा बोलत होता आणि तू ते संस्कार म्हणून मिरवत होतास.

मी सांगितलं तुला. कॅन उघडायचा राहिला. तू तसाच बाहेर येऊन सायकलींच्या स्टँडजवळ उभा राहिलास, आणि मला वाटलं आता तरी हा माणूस नरम पडेल, आजच घरी जाऊन पोराला जवळ घेईल. पण तुझी खोड जाईल तर ना. त्याच शनिवारी आपण नदीकाठच्या मैदानावर त्यांची प्रॅक्टिस बघत होतो. ताकोयाकीच्या, त्या ऑक्टोपसच्या गोळ्यांच्या, गाडीसमोर रांगेत उभे होतो. लांबून अमेयनं एक पास टाकला, जवळजवळ पलीकडच्या गोलपर्यंत. तू तो हवेत असेपर्यंत बघत राहिलास आणि एकदम म्हणालास, "फुजितापेक्षा तो कितीतरी चांगला आहे. मला दिसत नाही असं वाटतं का तुला? असा हात मी आयुष्यात बघितला नाही."

मी म्हणालो, मग हे त्याला सांग.

"सांगणार आहे. आधी त्यानं ओगावाकडे जाऊ दे. आणि हे बघ, तोपर्यंत तूही बोलायचं नाहीस. तुला राहवत नाही म्हणून सांगतो. ज्या दिवशी माफी मागेल त्या दिवशी मी स्वतः सांगेन."

मी हो म्हणालो. तू हातात गरम ताकोयाकीचं खोकं दिलंस, तेव्हा दुसरं काय म्हणणार होतो?

पुढच्या गुरुवारी सकाळी ऑफिसच्या लिफ्टसमोर तू खाली बसलास. पाठीला लागलं असेल असं सगळ्यांना वाटलं. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत संपलं होतं.

आता सांग, मी काय म्हणावं तुला? माणसं मागे घर ठेवून जातात, कामं ठेवून जातात. तू माझ्या गळ्यात एक वाक्य अडकवून गेलास, आणि वर अट घालून.

अंत्यविधीला अमेयची अख्खी टीम शाळेच्या गणवेशात आली होती. एकेक जण पुढे येऊन तुझ्या फोटोसमोर वाकत होता, अमेय आणि मंजिरी बाजूला उभे राहून प्रत्येकाला वाकून उत्तर देत होते. ओगावा आला. तो फोटोसमोर इतका वेळ वाकून राहिला की मागची रांग थांबली. अमेयनं त्याला इतरांसारखंच उत्तर दिलं, कमी नाही, जास्त नाही. त्या क्षणी मला हे सुचावं याची मला चीड आली, पण मी बघत होतो, की ही माफी धरायची का? तू धरली नसतीस. तू म्हणाला असतास, तोंडानं म्हटलं पाहिजे.

दहनानंतर त्या लोकांनी आम्हाला लांब काड्या दिल्या. इथे अस्थी काड्यांनी उचलतात, दोघांनी मिळून एक अस्थी, पायापासून सुरुवात करून. मंजिरी मागे सरली. मला तर काड्या धरताच येईनात. अमेयनं माझा हात धरून काड्या नीट बसवून दिल्या आणि म्हणाला, "काका, घाई नाही करायची." मग आम्ही दोघांनी मिळून तुला उचललं. अमेयचा हात जरासुद्धा हलला नाही. तो हात तुला बघायला हवा होता.

पुढचे दिवस मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत काढले. जिन्यात अमेय भेटायचा आणि माझ्या ओठांवर यायचं. सांगावं, तर तू घातलेली अट मोडते. न सांगावं, तर हा मुलगा जन्मभर धरून चालणार, की माझ्या बापाला मी नको होतो, फुजिता हवा होता. तू असतास तर एक दिवस हट्ट सुटला असता, दोघांपैकी कुणाचा तरी. आता तुझा सुटायची सोयच नाही. मेलेल्या माणसाइतकं हट्टी कुणी नसतं, आणि तू तर आधीचाच.

अस्थी नाशिकला न्यायच्या म्हणून वाणिज्य दूतावासातून कागद आणायचे होते. मंजिरीला बाहेर पडवत नव्हतं, म्हणून मी आणि अमेय गेलो. परत येताना गाडी बदलायच्या स्टेशनवर तो म्हणाला, भूक लागली. फलाटावरच्या उभ्यानं खायच्या दुकानात आम्ही उदोनचे, म्हणजे जाड शेवयांचे, वाडगे घेतले. त्यानं दोन घास खाल्ले आणि मी सांगून टाकलं. ठरवून नाही. वाफेनं चष्मा धूसर झाला होता, त्याचा चेहरा दिसत नव्हता, बहुधा म्हणून जमलं. ताकोयाकीची गाडी, तो लांबचा पास, तुझे शब्द, तुझी अट, सगळं सांगितलं.

तो खायचा थांबला. आधी जपानीत काहीतरी पुटपुटला, मग मराठीत विचारलं, "कधी म्हणाले?"

"ते गेले त्याच्या आधीच्या शनिवारी."

"मग मला का नाही सांगितलं?"

आणि शिरीष, इथे मला माझंच कळेनासं झालं. महिनाभर तुझ्याशी ज्या मुद्द्यावर भांडलो, तोच मुद्दा पोरगं माझ्यासमोर मांडत होतं, आणि मी चक्क तुझी बाजू घ्यायला लागलो. म्हणालो, अरे, दहाजण तुझ्याकडे बघत असतात. म्हणालो, हात चांगला असणं पुरेसं नसतं, ओगावाचं काय झालं असेल त्या दिवशी? म्हणालो, बाबांना वाटत होतं की तुला हे आपलं आपण कळावं. तुझी वाक्यं एकेक करून माझ्या तोंडून बाहेर पडत होती, चष्मा पुसायच्या त्या पद्धतीसकट. आणि तो माझ्याशी भांडत होता. मराठीत, मोठ्यानं, दोन महिन्यांत पहिल्यांदा. शेजारचे दोन ऑफिसवाले वाडगे घेऊन टोकाला सरकले.

शेवटी तो म्हणाला, "काका, कांतोकु मला होते. मला बाबा हवे होते."

मी त्याच्या वाडग्यात माझ्यातला अंड्याचा अर्धा तुकडा टाकला. त्यानं तो खाल्ला. गाडीत तो माझ्या खांद्याला टेकून रडला, हमसून, आजूबाजूला लोक उभे असताना. मी त्याच्या बॅगेचा पट्टा धरून बसलो.

दोन दिवसांनी मोबाइलवर त्याचा मेल आला, रोमन अक्षरांत मराठी, नेहमीसारखं चुकांसकट. ओगावाला सॉरी म्हटलं. सगळ्यांसमोर. बाबांची अट म्हणून नाही.

मी तो मंजिरीला दाखवला. तिनं वाचला आणि गॅस बंद करून ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "दोघंही सारखेच." कौतुक होतं की वैताग ते मी विचारलं नाही.

आता तुला वाटेल, झालं, सगळं मार्गी लागलं. मलाही वाटलं. काल संध्याकाळी कांतोकुंनी येत्या रविवारच्या सामन्यासाठी नाव सांगितलं. फुजिता.

मी ताबडतोब अमेयला फोन लावला. म्हणालो, आता काय अडलंय त्यांचं? शिक्षा झाली, माफी झाली, आता कारण काय? मी उद्या शाळेत येतो, बोलतो त्यांच्याशी. या वेळी दुभाषाही लागणार नाही.

"नको, काका," तो म्हणाला. "बरोबर आहे ते."

मग त्यानं मला शांतपणे समजावलं. तीन आठवडे त्याची धड प्रॅक्टिस झालेली नाही. समोरची टीम डावीकडून दाबते आणि डावी बाजू फुजिताला जास्त चांगली वाचता येते. आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना काही अडलं तर ती अजून फुजिताकडे जातात, याच्याकडे नाही. "मी कांतोकु असतो तरी फुजितालाच घेतलं असतं."

मी म्हणालो, अरे, पण तू त्याच्यापेक्षा चांगला फेकतोस.

"माहीत आहे," तो म्हणाला. "बाबा म्हणालेत."

शिरीष, मला हा निर्णय साफ चुकीचा वाटतो. ज्याच्या हातात असा पास आहे त्याला बाटल्या भरायला ठेवणं हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि ते पोरगंच जर तो वेडेपणा मान्य करत असेल तर मी बोलायचं तरी कुणाशी? एक तू होतास ज्याच्याशी भांडता यायचं. आता तुम्ही दोघं एका बाजूला आणि मी एकटा दुसऱ्या बाजूला, ही काय पद्धत झाली? रविवारी मी जाणार आहे. मंजिरीही येते म्हणाली. फुजिताचा पहिला लांबचा पास आखूड पडणार, हे मी तुला आत्ताच लिहून देतो. तो पडला की "बघ, सांगत नव्हतो?" हे मी कुणाला म्हणायचं, तेवढं तरी ठरवून जायचं होतंस.